सॉलोमन बर्सन

सॉलोमन ॲरन बर्सन (२२ एप्रिल १९१८, न्यू यॉर्क – ११ एप्रिल १९७२, अटलांटिक सिटी) हे अमेरिकन वैद्यक आणि संशोधक होते. रक्तातील अत्यल्प प्रमाणात असणारी संप्रेरके मोजण्याची रेडिओइम्युनोॲसे ही पद्धत त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यॅलो यांच्यासह विकसित केली. अवटू (थायरॉईड) ग्रंथीच्या विकारांचे निदान करण्यासाठी आज जगभर केल्या जाणाऱ्या टीएसएच, टी३ आणि टी४ या रक्तचाचण्यांचा पाया या पद्धतीने घातला. या शोधाबद्दल यॅलो यांना १९७७ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्र या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी पाच वर्षे बर्सन यांचे निधन झाले होते. नोबेल पारितोषिक मरणोत्तर दिले जात नसल्यामुळे त्यांचे नाव मानकऱ्यांच्या यादीत नाही.

बालपण व शिक्षण

बर्सन यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील रशियातून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी फर रंगविण्याचा व्यवसाय उभारला. बर्सन यांना लहानपणापासून गणित, बुद्धिबळ आणि संगीत यांची आवड होती. ते व्हायोलिन वाजवीत आणि संगीताचा हा छंद त्यांनी पुढेही जोपासला.

१९३८ मध्ये त्यांनी सिटी कॉलेज ऑफ न्यू यॉर्कमधून पदवी मिळविली. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. परंतु एकवीस वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांचा अर्ज नाकारला. त्या काळी अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालये ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर मर्यादा घालीत असत. प्रवेश न मिळाल्यामुळे बर्सन यांनी न्यू यॉर्क विद्यापीठातून १९३९ मध्ये एम.एससी. ही पदवी घेतली आणि तेथे शरीररचनाशास्त्र शिकविण्याचे काम पत्करले. अखेर १९४१ मध्ये त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. १९४५ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले. शिक्षण चालू असतानाच १९४२ मध्ये त्यांचा मिरियम गिटल्सन यांच्याशी विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये एक वर्ष उमेदवारी केल्यावर बर्सन यांनी १९४६ ते १९४८ या काळात सैन्यदलात वैद्यकीय सेवा केली. त्यानंतर न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या शासकीय रुग्णालयात ते निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाले. त्यांचे पुढील बहुतेक सर्व संशोधन याच रुग्णालयात झाले.

यॅलो यांच्याशी सहकार्य

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुभट्ट्यांमध्ये तयार झालेली किरणोत्सारी समस्थानिके वैद्यकीय संशोधनासाठी उपलब्ध होऊ लागली. ब्राँक्सच्या रुग्णालयात त्यांचा वापर सुरू करण्याचे काम १९४७ पासून रोझलिन यॅलो करीत होत्या. अणुभौतिकी हा त्यांचा विषय होता. वैद्यकशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याची त्यांना गरज होती. रुग्णालयातील वैद्यक विभागाचे प्रमुख बर्नार्ड स्ट्रॉस यांनी बर्सन यांचे नाव सुचविले आणि १९५० मध्ये बर्सन या विभागात आले. किरणोत्सारी समस्थानिकांचा पूर्वानुभव त्यांना नव्हता.

हे सहकार्य बावीस वर्षे टिकले. बर्सन यांनी भौतिकी आणि गणित यॅलो यांच्याकडून आत्मसात केले, तर यॅलो यांनी शरीरशास्त्र आणि वैद्यक त्यांच्याकडून. दोघे दीर्घकाळ प्रयोगशाळेत काम करीत आणि एकमेकांच्या निष्कर्षांची कठोर तपासणी करीत. त्यांच्या शोधनिबंधांवर कधी एकाचे तर कधी दुसऱ्याचे नाव आधी असे. १९५४ मध्ये बर्सन किरणोत्सारी समस्थानिक विभागाचे प्रमुख झाले.

अवटू ग्रंथीवरील सुरुवातीचे संशोधन

या जोडीचे आरंभीचे महत्त्वाचे काम अवटू ग्रंथीविषयी होते. मानेच्या पुढील भागात असलेली ही ग्रंथी रक्तातून आयोडीन शोषून घेते आणि त्यापासून टी४ (थायरॉक्सिन) आणि टी३ (ट्रायआयोडोथायरोनिन) ही संप्रेरके बनविते. टी४ च्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, तर टी३ च्या रेणूत तीन. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. तरी रुग्णाच्या रक्तात ते नेमके किती आहे, हे थेट मोजण्याची सोय १९५० पर्यंत नव्हती.

त्या काळी डॉक्टर अप्रत्यक्ष उपायांवर अवलंबून असत. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती प्राणवायू वापरते, यावरून चयापचयाचा वेग काढला जाई. परंतु ताप, चिंता किंवा अपुरी विश्रांती यांमुळेही हा आकडा बदलत असे. रक्तातील प्रथिनांशी बद्ध असलेल्या आयोडीनचे मापन ही दुसरी पद्धत होती. रुग्णाने आयोडीनयुक्त औषध घेतले असेल किंवा क्ष-किरण तपासणीसाठी त्याला तसे द्रव्य टोचले असेल, तर हे मापन निरुपयोगी ठरत असे.

तिसरा मार्ग किरणोत्सारी आयोडीनचा होता. सुमारे आठ दिवसांची अर्धायु असलेले आयोडीन-१३१ रुग्णाला देऊन ग्रंथीने त्याचा किती अंश शोषला, हे साधारणपणे दुसऱ्या दिवशी मोजले जाई. बर्सन आणि यॅलो यांनी या तपासणीला गणिती बैठक दिली. ग्रंथी दर मिनिटाला किती रक्तद्रवातील आयोडीन काढून घेते आणि मूत्रपिंडे किती काढून घेतात, हे त्यांनी स्वतंत्रपणे मोजले. किती आयोडीन साठले यापेक्षा ते कोणत्या वेगाने उचलले जाते, हे त्यामुळे कळू लागले. हे काम १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या पद्धतीतही एक मूलभूत अडचण उरली होती. तीत ग्रंथीची आयोडीन उचलण्याची क्षमता कळत असे, पण रक्तातील संप्रेरकाचे प्रमाण कळत नसे. शिवाय प्रत्येक रुग्णाच्या शरीरात किरणोत्सारी द्रव्य सोडावे लागे. या अडचणीवरील उत्तर पुढे बर्सन आणि यॅलो यांच्याच प्रयोगशाळेत सापडले, पण ते अवटू ग्रंथीच्या नव्हे, तर मधुमेहाच्या अभ्यासातून आले.

इन्शुलिनविरोधी प्रतिपिंडांचा शोध

प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात शरीर इन्शुलिनचे विघटन फार वेगाने करीत असावे, असा एक सिद्धांत १९५० च्या दशकाच्या आरंभी मांडला गेला होता. तो पडताळून पाहण्यासाठी बर्सन आणि यॅलो यांनी इन्शुलिनला आयोडीन-१३१ जोडले, ते व्यक्तींना टोचले आणि रक्तातून ते किती वेगाने नाहीसे होते, हे पाहिले.

निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाला. ज्यांनी पूर्वी इन्शुलिन घेतले होते, त्यांच्या रक्तात ते अधिक काळ टिकून राहत होते. मधुमेह नसलेल्या, परंतु मानसिक विकारावर त्या काळच्या प्रथेप्रमाणे इन्शुलिनचे उपचार झालेल्या रुग्णांतही हेच दिसले. याचा अर्थ कारण मधुमेहात नव्हते, तर इन्शुलिन टोचण्यात होते. बैल आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडापासून काढलेल्या इन्शुलिनविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करीत आहे आणि ती इन्शुलिनला बांधून ठेवीत आहेत, असा निष्कर्ष बर्सन आणि यॅलो यांनी काढला. कागदी विद्युत्संचारण पद्धतीने त्यांनी प्रथिनाशी बद्ध इन्शुलिन आणि मुक्त इन्शुलिन वेगवेगळे करून दाखविले.

इन्शुलिनसारखा लहान रेणू प्रतिपिंडे निर्माण करू शकत नाही, अशी तेव्हाच्या प्रतिरक्षाशास्त्रज्ञांची धारणा होती. त्यामुळे हा शोधनिबंध सायन्स या नियतकालिकाने नाकारला. जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन या नियतकालिकानेही तो सुरुवातीला परत पाठविला. अखेर शीर्षकातील प्रतिपिंड हा शब्द काढून त्याजागी इन्शुलिन बांधणारे ग्लोब्युलिन असा सौम्य शब्दप्रयोग करण्याचे लेखकांनी मान्य केले, आणि निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. निबंधातील निष्कर्ष मात्र त्यांनी मागे घेतला नाही. पुढे तो सर्वमान्य झाला. नकाराचे ते पत्र यॅलो यांनी जपून ठेवले आणि १९७७ च्या नोबेल व्याख्यानात त्याचा समावेश केला.

रेडिओइम्युनोॲसे

प्रतिपिंड आणि इन्शुलिन यांच्या बंधनाचा सखोल अभ्यास करताना दोघांच्या लक्षात आले की हीच प्रक्रिया उलट दिशेने वापरता येईल. प्रतिपिंडांवरील जागा मर्यादित असतात. त्या जागांसाठी किरणोत्सारी खूण केलेले इन्शुलिन आणि साधे इन्शुलिन यांच्यात स्पर्धा होते. परीक्षानळीत प्रतिपिंडे आणि खूण केलेले इन्शुलिन यांचे प्रमाण ठरावीक ठेवले आणि त्यात रुग्णाच्या रक्ताचा नमुना मिसळला, तर नमुन्यातील साधे इन्शुलिन काही जागा अडविते. नमुन्यात इन्शुलिन जितके जास्त, तितके खूण केलेले इन्शुलिन कमी प्रमाणात बांधले जाते. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवरून आधी आलेख काढून ठेवला की अज्ञात नमुन्यातील प्रमाण त्यावरून वाचता येते.

या तत्त्वावर आधारित पद्धत त्यांनी १९५९ मध्ये नेचर या नियतकालिकात मांडली आणि १९६० मध्ये मानवी रक्तातील इन्शुलिनचे मापन तपशीलवार प्रसिद्ध केले. मानवी इन्शुलिनशीही चांगले बांधले जाणारे प्रतिपिंड त्यांनी गिनिपिग या प्राण्यात तयार केले होते. उपाशीपोटी एक मिलिलिटर रक्तद्रवात इन्शुलिन एक अब्जांश ग्रॅमहूनही कमी असते. एवढी अल्प मात्रा आता थोड्याशा रक्तातून मोजता येऊ लागली. किरणोत्सारी द्रव्य फक्त परीक्षानळीत राहत असल्यामुळे रुग्णाला त्याचा स्पर्शही होत नव्हता.

जवळपास याच सुमारास लंडनमध्ये रॉजर एकिन्स यांनी स्वतंत्रपणे अशाच तत्त्वाची पद्धत शोधली. त्यांनी प्रतिपिंडांऐवजी रक्तातच असणाऱ्या थायरॉक्सिन-बंधक प्रथिनाचा उपयोग केला आणि १९६० मध्ये रक्तातील थायरॉक्सिनचे मापन प्रसिद्ध केले.

बर्सन आणि यॅलो यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. ती शिकण्यासाठी येणाऱ्या संशोधकांना त्यांनी प्रयोगशाळा खुली ठेवली. यामुळे पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला. पुढील दशकात वृद्धी संप्रेरक, अधिवृक्क ग्रंथीला चेतविणारे संप्रेरक, परावटू संप्रेरक आणि गॅस्ट्रिन यांच्या मापनावर या जोडीने काम केले. एकच संप्रेरक रक्तात वेगवेगळ्या आकारांच्या रूपांत आढळू शकते, हेही त्यांनी परावटू संप्रेरक व गॅस्ट्रिन यांच्या अभ्यासातून दाखविले.

अवटू चाचण्यांवरील परिणाम

मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी टीएसएच हे अवटू-उद्दीपक संप्रेरक स्रवते आणि अवटू ग्रंथीचे काम नियंत्रित करते. रक्तात टी४ कमी झाले की टीएसएच वाढते आणि टी४ जास्त झाले की टीएसएच घटते. टी४ मधील लहानशा बदलानेही टीएसएच अनेक पटींनी बदलते, म्हणून ग्रंथीतील बिघाडाची चाहूल प्रथम टीएसएचमध्ये लागते. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील इतर प्रयोगशाळांनी रेडिओइम्युनोॲसेने मानवी टीएसएच मोजून दाखविले.

टी३ आणि टी४ यांच्या बाबतीत दोन अडथळे होते. हे रेणू इतके लहान असतात की ते मोठ्या प्रथिनाला जोडल्याशिवाय प्राण्यात प्रतिपिंडे तयार होत नाहीत. शिवाय रक्तातील टी४ चा ९९ टक्क्यांहून अधिक भाग वाहक प्रथिनांशी बद्ध असतो. त्याला आधी त्या प्रथिनांपासून सोडवावे लागते. हे दोन्ही प्रश्न सुटल्यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी या दोन संप्रेरकांच्या चाचण्या उपलब्ध झाल्या.

आजचा अहवाल वाचताना याच संबंधांचा आधार घेतला जातो. प्रौढांमध्ये टीएसएचची संदर्भ मर्यादा साधारणपणे दर लिटरला ०.४ ते ४.० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके इतकी मानली जाते. प्रयोगशाळा, वय आणि गर्भावस्था यांनुसार तीत फरक पडतो. टीएसएच जास्त आणि मुक्त टी४ कमी असल्यास ग्रंथीचे कार्य मंदावलेले असते. टीएसएच फार कमी आणि टी४ किंवा टी३ जास्त असल्यास ते अतिरिक्त असते. टीएसएच वाढलेले पण टी४ मर्यादेत असेल, तर ती मंदत्वाची सौम्य अवस्था मानली जाते आणि बहुधा काही काळाने चाचणी पुन्हा केली जाते. पोष ग्रंथीच बिघडली असेल, तर टी४ कमी असूनही टीएसएच वाढत नाही. अशा वेळी केवळ टीएसएचवर विसंबल्यास निदान चुकते. गर्भावस्थेत वाहक प्रथिने वाढल्यामुळे एकूण टी४ वाढलेले दिसते. म्हणून वाहक प्रथिनांपासून सुटे असलेले मुक्त टी४ अनेकदा मोजले जाते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेमुळे काही आधुनिक चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ नवजात बालकांना झाला. साधारणपणे दोन ते चार हजार बालकांमागे एकाला जन्मतः अवटू संप्रेरकाची कमतरता असते. जन्माच्या वेळी लक्षणे क्वचितच दिसतात आणि उपचाराला उशीर झाल्यास मेंदूची वाढ कायमची खुंटते. १९७० च्या दशकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात ज्याँ द्यूसो यांनी टिपकागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबातून रेडिओइम्युनोॲसेने टी४ मोजून सर्व नवजात बालकांची तपासणी सुरू केली. पुढे अनेक देशांनी अशी तपासणी स्वीकारली. पहिल्या काही आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू केलेल्या बालकांची बौद्धिक वाढ बहुतांशी सामान्य होते.

भारतात अणुऊर्जा विभागाने या तंत्राच्या प्रसाराला हातभार लावला. मुंबईतील परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून अवटू विकारांवर काम करीत आहे. याच विभागाच्या नवी मुंबईतील ब्रिट या संस्थेने टी३, टी४ आणि टीएसएच यांच्या रेडिओइम्युनोॲसे चाचणीसंचांचा पुरवठा केला. आज बहुतेक प्रयोगशाळा किरणोत्सारी खुणेऐवजी प्रकाश देणारी रासायनिक खूण वापरतात. प्रतिपिंडाच्या साह्याने संप्रेरक ओळखून मोजणे, हा या चाचण्यांचा गाभा मात्र कायम आहे.

अखेरची वर्षे व निधन

१९६८ मध्ये बर्सन न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात वैद्यक विभागाचे प्राध्यापक आणि प्रमुख झाले. अध्यापन आणि प्रशासन यांचा भार वाढला, तरी ब्राँक्सच्या प्रयोगशाळेतील संशोधन त्यांनी सोडले नाही. १९७१ मध्ये त्यांना आणि यॅलो यांना कॅनडाचे गेर्डनर पारितोषिक मिळाले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. त्याच वर्षी ११ एप्रिल रोजी अटलांटिक सिटी येथे एका वैज्ञानिक परिषदेसाठी गेले असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांच्या चौपन्नाव्या वाढदिवसाला अकरा दिवस उरले होते.

वारसा

बर्सन यांच्या निधनानंतर यॅलो यांनी प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले. त्यामुळे तेथून प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधावर लेखकांच्या पत्त्यात बर्सन यांचे नाव येत राहिले. जोडीतील वैद्यकाच्या मृत्यूनंतर हे काम थांबेल, अशी शंका काहींना वाटत होती. यॅलो यांनी नव्या सहकाऱ्यांसह संशोधन चालू ठेवून ती खोटी ठरविली. १९७७ चे नोबेल पारितोषिक त्यांना रॉजर गिलमिन आणि अँड्र्यू शॅली यांच्यासह विभागून मिळाले. पारितोषिकाचा अर्धा भाग रेडिओइम्युनोॲसेसाठी यॅलो यांना आणि उरलेला अर्धा मेंदूतील संप्रेरकांच्या शोधासाठी इतर दोघांना देण्यात आला. गिलमिन आणि शॅली यांच्या क्षेत्रातही रक्तातील संप्रेरकांच्या अल्प मात्रा मोजण्यासाठी रेडिओइम्युनोॲसेचा मोठा उपयोग झाला. आपल्या नोबेल व्याख्यानात यॅलो यांनी या शोधातील बर्सन यांचा समान वाटा स्पष्टपणे नोंदविला.